मकरपुऱ्यातलं जुनं पीसीआय कार्ड व्हीएममध्ये घालतोय, पण आयआरक्यू १८ अडवतोय

पंपवाला_मकरपुरा · शुक्रवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच परत विचाराल, म्हणून सगळंच लिहितो.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं पंप तपासणीचं छोटं युनिट आहे. पंप बेडवर चढवायचा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत न्यायचा, प्रत्येक टप्प्याला दाब, प्रवाह, फेरे आणि मोटरचा करंट टिपायचा आणि आलेख काढून गिऱ्हाइकाला द्यायचा. हे सगळं एका जुन्या पीसीतल्या १२ बिटच्या डेटा कार्डावर चालतं. ट्रान्समीटरचे ४ ते २० मिलीअँपिअर २५० ओहमच्या रोधातून नेले की १ ते ५ व्होल्ट मिळतात, ते कार्ड मोजतं. कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं, ड्रायव्हर आणि रिपोर्टचं सॉफ्टवेअर दोन्ही विंडोज एक्सपीवरच चालणारं. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं ते आता हे काम करत नाहीत.

त्या पीसीच्या मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगले आहेत. तो पडायच्या आत मला हलायचं आहे. रावपुऱ्यातून एक सेकंडहँड ऑफिस मशीन घेतलं: चौथ्या पिढीचा आय-५, क्यू८७ चिपसेट, बोर्डावर एक पीसीआय स्लॉट. त्यावर लिनक्स टाकलं, बायोसमध्ये व्हीटी-डी (खरं कार्ड व्हीएमला देता येण्याची इंटेलची सोय) चालू केलं, बूटच्या ओळीत इंटेल-आयओएमएमयू ऑन केलं. कार्ड व्हीएमला सोपवणाऱ्या व्हीएफआयओ-पीसीआय ड्रायव्हरला बांधलं. केव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या आभासी मशीनमध्ये (व्हीएम), एक्सपी उठवली, ती छान उठते. पण कार्ड जोडलं की व्हीएम सुरूच होत नाही. व्हीएम चालवणारं क्यूईएमयू म्हणतं, 'आयएनटीएक्स-० साठी ट्रिगर इव्हेंटएफडी लावता आला नाही, डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. आणि कर्नलच्या लॉगमध्ये ही ओळ: 'फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू १८', एका बाजूला व्हीएफआयओ-आयएनटीएक्स, दुसऱ्या बाजूला आय८०१-एसएमबस.

एसएमबस म्हणजे काय तेही मला माहीत नाही. कार्ड तर कुणीच वापरत नाहीये, मग बिझी कोण आहे?

सूरसागर७ · शुक्रवार, रात्री १०.०५

दादा, कार्ड बिझी नाही, आयआरक्यूची लाइन, म्हणजे कार्डाने सीपीयूला 'इकडे बघ' सांगायची इंटरप्टची तार, बिझी आहे. एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची माहिती देणारी कमांड) दोन व्ही लावून चालवा आणि कार्डाच्या माहितीत दोन गोष्टी बघा: 'पिन ए राउटेड टू आयआरक्यू' पुढे किती आहे, आणि कंट्रोलच्या ओळीत 'डिसआयएनटीएक्स' (इंटरप्ट बंद केलाय का) पुढे अधिक आहे की उणे. शिवाय प्रोकमधली इंटरप्ट्स फाइल उघडून १८ नंबरच्या ओळीत कोणकोण बसलंय ते इथे टाका.

पंपवाला_मकरपुरा · शुक्रवार, रात्री १०.२२

पिन ए, आयआरक्यू १८. डिसआयएनटीएक्स उणे. इंटरप्ट्स फाइलमध्ये १८ पुढे एकच नाव, आय८०१-एसएमबस. एमएसआय नावाची क्षमता कार्डाच्या यादीत नाहीच.

जुना_सर्किटवाला · शनिवार, सकाळी ७.१०

सकाळी चहा घेताना वाचलं. मी इथल्या कलाभवनातच (एमएस युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग विभागात) शिकलो, पुढची सगळी वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. व्हर्च्युअल मशीनं निवृत्तीनंतर शिकलो, पण ज्या तारेवर तुम्ही अडकला आहात ती तार माझी जुनी ओळखीची आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीसीआयची जुनी इंटरप्ट लाइन लेव्हलवर चालते. घरच्या गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा अलार्म असतो ना, तसं समजा. टाकी भरली की तो वाजायला लागतो आणि पाणी खाली जाईपर्यंत वाजतच राहतो. कुणी ऐकलं की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. कार्डही असंच: माझ्याकडे डेटा तयार आहे म्हणून लाइन खाली ओढतं, आणि ड्रायव्हर येऊन कार्डाचं स्टेटस रजिस्टर वाचून शांत करेपर्यंत ती धरून ठेवतं. ही तार एकट्या कार्डाची नसते. पीसीआयच्या ए, बी, सी, डी अशा चारच लाइनी, त्यांवर सगळ्या कार्डांनी वाटून घ्यायचं. आपल्या चाळीतल्या चार घरांना मिळून एकच अलार्म.

आता व्हीएमची अडचण बघा. अलार्म वाजतो होस्टच्या (खऱ्या मशीनवरच्या लिनक्सच्या) घरात, पण मोटरचं बटण कुठे आहे हे फक्त गेस्टमधल्या (व्हीएममधल्या) एक्सपीच्या ड्रायव्हरला माहीत. होस्टवरच्या व्हीएफआयओला तुमच्या कार्डाच्या रजिस्टरांची भाषा येत नाही. मग तो काय करू शकतो? अलार्मची वायर तात्पुरती काढून ठेवायची, गेस्टला हाक मारायची आणि गेस्टने 'झालं' म्हटलं की वायर परत जोडायची. गेस्टचं हे 'झालं' म्हणजे इंटरप्ट कंट्रोलरला दिलेला एंड ऑफ इंटरप्ट. केव्हीएम तो पकडतं, व्हीएफआयओला कळवतं आणि लाइन पुन्हा मोकळी होते. तोवर पाणी वरच असेल तर अलार्म परत वाजेल, ते बरोबरच आहे.

वायर काढायच्या दोन जागा आहेत. एक, कार्डापाशी. पीसीआयच्या २.३ आवृत्तीपासून कमांड रजिस्टरमध्ये इंटरप्ट बंद करायचा एक बिट आला आणि स्टेटस रजिस्टरमध्ये 'मीच वाजवतोय' असं सांगणारा दुसरा बिट आला. हे दोन्ही असले तर होस्ट फक्त त्याच कार्डाचा आवाज बंद करू शकतो, शेजाऱ्यांना त्रास नाही. दुसरी जागा, थेट इंटरप्ट कंट्रोलरपाशी. पण तिथे वायर काढली की त्या लाइनवरच्या सगळ्यांचाच आवाज गेला. म्हणून तिथे व्हीएफआयओ एकच अट घालतो: लाइन माझ्या एकट्याची हवी.

तुमचं कार्ड २.३ च्या आधीच्या धाटणीचं दिसतंय. कर्नल हे आधी करून बघतो, तो बिट बदलून परत वाचतो. बदलला नाही, म्हणून लाइन एकट्याला मागितली. एसएमबसचा ड्रायव्हर तिथे 'वाटून घेऊ' म्हणून आधीच बसलेला. एक म्हणतो माझी एकट्याची, दुसरा म्हणतो दोघांची. हाच तुमचा फ्लॅग मिसमॅच. कर्नलने नकार दिला ते योग्यच केलं.

सूरसागर७ · शनिवार, सकाळी ८.३०

काका, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पंपवाला दादा, मग उपाय सोपा आहे: एसएमबसचं आय२सी-आय८०१ मॉड्यूल (ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते लोडच होणार नाही. एसएमबस म्हणजे मदरबोर्डवरची एक हळू वायर, रॅमच्या पट्टीची माहिती आणि काही सेन्सर वाचायला लागते. तुमच्या कामाला तिचा संबंध नाही.

रात्रपाळी · शनिवार, सकाळी ११.४५

सूरसागर, ब्लॅकलिस्ट करायची गरज नाही. त्या मॉड्यूलला 'डिसेबल-फीचर्स' असा पॅरामीटर आहे, त्याला हेक्स १० द्या. मग तो ड्रायव्हर इंटरप्ट मागतच नाही, पोलिंगने, म्हणजे स्वतःच पुन्हा पुन्हा विचारून, काम करतो, आणि बोर्डाचं काही बंद पडत नाही. मॉड्यूल काढून टाकायची सवय लागली की पुढे कधीतरी यूएसबीचा कंट्रोलर लाइनवर निघतो आणि लोक तोही काढायला जातात. कुणाचा इंटरप्ट सोडवता येतो हे आधी बघावं.

पंपवाला दादा, तुमच्या बोर्डावर पीसीआय स्लॉट बहुतेक ब्रिज चिपच्या मागे आहे. एकच स्लॉट असल्यामुळे आयओएमएमयू ग्रुपमध्ये (जी उपकरणं व्हीएमला एकत्रच द्यावी लागतात त्या गटात) दुसरं कार्ड नसणार, ते एक बरं आहे. तरी एकदा खात्री करा.

पंपवाला_मकरपुरा · शनिवार, दुपारी ४.१५

ताई, केलं. हेक्स १० दिलं, रीबूट केलं. ग्रुपमध्ये कार्ड आणि ब्रिज, दुसरं कुणी नाही. व्हीएम उठली! एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड पिवळ्या चिन्हाशिवाय दिसतंय. दाबाच्या चॅनेलवर कॅलिब्रेटर लावला, १२ मिलीअँपिअरला ३ व्होल्ट बरोबर आले. आमच्या वडिलांनी स्क्रीनकडे बघून नुसतं 'हं' म्हटलं. ते सहसा एवढंही म्हणत नाहीत.

काकांची टाकी डोक्यात पक्की बसली. सोमवारी खऱ्या पंपावर लावतो.

विद्यार्थी_एमएसयू · शनिवार, रात्री ८.५०

मी हाच धागा शोधत होतो जणू. माझी अडचण उलटी आहे. माझं एक जुनं वायफाय कार्ड आहे. ते सांगतं की मला बंद करायचा बिट आहे. कर्नलच्या चाचणीतही पास होतं. व्हीएम सुरू होते, आणि थोड्या वेळात होस्टचा लॉग म्हणतो 'नोबडी केअर्ड', पाठोपाठ 'डिसेबलिंग आयआरक्यू १६'. त्यानंतर होस्टचा कीबोर्डही मरतो, कारण यूएसबीचा एक कंट्रोलर त्याच १६ वर आहे. मशीन बटण दाबून बंद करावं लागतं. असं तीनदा झालं.

जुना_सर्किटवाला · रविवार, सकाळी ७.२५

तुमचं कार्ड खोटं बोलतंय. बंद करायचा बिट फिरतो, पण 'मीच वाजवतोय' सांगणारा स्टेटस बिट ते वर करत नसणार. मग लाइन वाजली की होस्ट प्रत्येकाला विचारत जातो. यूएसबी म्हणतो मी नाही. व्हीएफआयओ स्टेटस बिट बघतो, तिथे शून्य, तोही म्हणतो माझं नाही. अलार्म मात्र वाजतोच आहे, म्हणून क्षणात परत तोच फेरा. लिनक्स हे मोजत असतं. १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की तो ती लाइनच तोडतो. न तोडता चालला असता तर तो सीपीयू त्यातच बुडाला असता. पण तोडल्यामुळे त्या लाइनवरचा निरपराध कीबोर्डही गेला.

रात्रपाळी · रविवार, सकाळी १०.१०

याला उपाय आहे. व्हीएफआयओ-पीसीआय मॉड्यूलला 'नोआयएनटीएक्समास्क' एक करून द्या. म्हणजे कार्डाच्या बिटावर विश्वास ठेवू नको, कंट्रोलरपाशीच वायर काढ. मग पंपवाला दादांसारखी एकट्याची लाइन लागेल, म्हणून कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघ. स्लॉट बदलला की ए-बी-सी-डीची वाटणी फिरते आणि बऱ्याचदा आयआरक्यू बदलतो.

पण त्याआधी बघ, कार्डाला एमएसआय आहे का? आणि गेस्टमधला ड्रायव्हर ते वापरतो का? वापरत असेल तर या भांडणातूनच तू बाहेर.

विद्यार्थी_एमएसयू · रविवार, सकाळी १०.४०

ताई, एमएसआय आहे! यादीत दिसतंय, 'एनेबल उणे'. पण गेस्टमध्ये ते नक्की काय बदलतं? आमच्या वर्गात एमएसआयची व्याख्या एका ओळीत झाली आणि पुढे गेले.

रात्रपाळी · रविवार, दुपारी १.३०

जेवण झालं, आता लिहिते. मी इथल्याच एका ठिकाणी सर्व्हर सांभाळते, त्यामुळे हा भाग रोजचा आहे.

एमएसआयमध्ये तार नाही. कार्ड मेमरीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा आकडा लिहितं, बस. इंटेलच्या मशीनवर तो पत्ता हेक्समध्ये एफईई ने सुरू होतो. तिथे लिहिलं की ते रॅममध्ये जात नाही, सीपीयूच्या इंटरप्टच्या दारात जातं. लिहिलेल्या आकड्यात कोणता व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) ते असतं. तार नाही म्हणून वाटणी नाही, वाटणी नाही म्हणून भांडण नाही. आणि हा लेव्हलचा अलार्म नसून एकदाच आलेला निरोप आहे, म्हणून होस्टला काही बंद करून ठेवावं लागत नाही, गेस्टच्या 'झालं'ची वाटही बघावी लागत नाही. साध्या एमएसआयमध्ये एका डिव्हाइसला ३२ पर्यंत निरोप, एमएसआय-एक्समध्ये २,०४८ पर्यंत. म्हणून सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात प्रत्येक रांगेला स्वतःचा इंटरप्ट देता येतो.

गेस्टमध्ये ते असं जातं. गेस्टचा ड्रायव्हर एमएसआयचा पत्ता आणि आकडा लिहायला जातो तेव्हा क्यूईएमयू त्याला मधेच अडवतं. गेस्टने लिहिलेला व्हेक्टर गेस्टच्या दुनियेतला, तो खऱ्या सीपीयूवर चालत नाही. म्हणून होस्ट स्वतःचा खरा व्हेक्टर कार्डात भरतो आणि गेस्टचा आकडा केव्हीएमकडे नोंदवून ठेवतो. कार्डाने निरोप टाकला की होस्टचा छोटा हँडलर चालतो, एक इव्हेंटएफडी (कर्नलमधली निरोपाची घंटी) हलवतो, केव्हीएम तो थेट कर्नलमध्येच पकडून गेस्टच्या व्हर्च्युअल एपिकमध्ये (इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) घालतं. क्यूईएमयू प्रोसेसला उठवावंही लागत नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पोस्टेड इंटरप्ट. सर्व्हरच्या झिऑन ई५ व्ही४ पासून, म्हणजे २०१६ पासून, व्हीटी-डी हा निरोप गेस्ट चालू असताना होस्टला न थांबवता थेट त्या व्हीसीपीयूच्या (व्हीएमच्या आभासी सीपीयूच्या) खात्यात टाकतं. गेस्ट बाहेर पडतच नाही, म्हणजे सीपीयूला गेस्ट सोडून होस्टकडे यावं (एक्झिट) लागत नाही. आमच्याकडे हे चालू आहे. प्रोकच्या इंटरप्ट्स फाइलमध्ये खाली पीआयएन आणि पीआयडब्ल्यू अशा ओळी असतात, व्हीएमवर लोड आला की तिथले आकडे वाढताना दिसतात आणि मला ते बघायला फार आवडतं.

पंपवाला दादांच्या कार्डाला यातलं काहीच मिळणार नाही. तारेचा इंटरप्ट पोस्ट होत नाही, कारण होस्टला मधे उभं राहून वायर काढावीच लागते. शिवाय विंडोजला एमएसआय यायला लागलं व्हिस्टापासून. एक्सपी गेस्टमध्ये कार्ड कितीही नवं घातलं तरी ते तारेवरच चालेल.

सूरसागर७ · रविवार, दुपारी ३.००

ताई, एक विचारायचं राहिलंय. माझ्या जुन्या मशीनवर व्हीएफआयओ म्हणतं इंटरप्ट रीमॅपिंग नाही, 'अलाउ-अनसेफ-इंटरप्ट्स' लावा. मी ते लावून टाकलं आणि दोन वर्षं चालवतोय. काही झालं नाही. मग ते अनसेफ का?

रात्रपाळी · रविवार, दुपारी ३.२०

काढा ते. खरंच सांगते, काढा.

वर लिहिलं ना, निरोप म्हणजे एका पत्त्यावर लिहिणं. गेस्टच्या ताब्यात डीएमए करणारं, म्हणजे सीपीयूशिवाय थेट मेमरीत लिहिणारं, कार्ड दिलं की गेस्ट त्या कार्डाला सांगू शकतो, जा एफईई च्या पत्त्यावर हवं ते लिही. एमएसआयची क्षमता चालू असायचीही गरज नाही. रीमॅपिंग नसेल तर समोरचं हार्डवेअर विचारतच नाही की हा निरोप कुणाकडून आला आणि या कार्डाला हा व्हेक्टर वापरायचा हक्क आहे का. गेस्टमधून होस्टवर मनाला येईल तो व्हेक्टर वाजवता येतो. पहिले ३२ व्हेक्टर सीपीयूच्या स्वतःच्या अपवादांसाठी राखीव असतात, काही होस्टच्या अंतर्गत कामाचे. चुकीचा वाजला तर होस्ट आपटतो, नेमका वाजवला तर होस्टचा ताबाही जाऊ शकतो. हे नुसतं कागदावरचं नाही: २०११ साली रफाल वोइचुक आणि योआना रुत्कोव्स्का यांनी झेन हायपरवायझरवर हा हल्ला करून दाखवला होता. रीमॅपिंग असलं की कार्ड फक्त तक्त्यातल्या नोंदीचा क्रमांक देतं, खरा व्हेक्टर होस्टच्या ताब्यातल्या तक्त्यात असतो, आणि कोणत्या डिव्हाइसने मागितलं तेही तपासलं जातं.

जुना_सर्किटवाला · रविवार, सायंकाळी ५.४०

ताई, तुमचं म्हणणं सर्व्हरसाठी शंभर टक्के मान्य. पण कारखान्यातल्या एकट्या मशीनवर, जिथे गेस्टही आपलाच, नेटवर्कची वायरही नाही, तिथे मी ते लावू देईन. तिथे धोका हल्ल्याचा नसून बिघडलेल्या ड्रायव्हरचा आहे, आणि ती मशीन पडली तर परत उठवता येते. तपासणीचा बेड बंद राहिला तर मात्र माणसांची मजुरी बुडते.

रात्रपाळी · रविवार, सायंकाळी ६.१५

काका, वायर नाही हे आजचं. उद्या कुणीतरी रिपोर्ट मेल करायला वायर लावतं आणि दोन वर्षांपूर्वी लावलेला पॅरामीटर कुणाच्या लक्षात नसतो. सूरसागर 'काही झालं नाही' म्हणतात तेच मला नको आहे. तुमची बाजू समजते, पण मी लावणार नाही.

पंपवाला दादा, तुमच्या बोर्डावर हा प्रश्न येऊ नये. लॉगमध्ये 'डीएमएआर-आयआर' शोधा, 'एनेबल्ड आयआरक्यू रीमॅपिंग' दिसायला हवं.

पंपवाला_मकरपुरा · सोमवार, रात्री ९.१०

रीमॅपिंग चालू आहे, बघितलं. पण बाकी बातमी चांगली नाही.

आज खरा पंप चढवला. ८ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला ५०० नमुने, आमची नेहमीची सेटिंग. सुरुवातीला सगळं सुरळीत, मग सॉफ्टवेअर 'डेटा ओव्हररन' (नमुने वेळेत उचलले गेले नाहीत) म्हणून थांबतं. कधी दोन मिनिटांनी, कधी दहा. जुन्या पीसीवर हे कधीच झालेलं नाही आणि तो यापेक्षा कितीतरी हळू आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या कोअरवर मी एक फाइल कॉम्प्रेस करायला लावली तेव्हा ओव्हररन कमी झाले. मशीनला जास्त काम दिलं तर बरं चालतंय, हे माझ्या समजुतीपलीकडे आहे.

जुना_सर्किटवाला · सोमवार, रात्री ९.३५

काम दिल्यावर बरं चालतं म्हणजे सीपीयू झोपतोय. पण आधी हिशोब करू. ८ गुणिले ५००, म्हणजे सेकंदाला ४,००० नमुने. प्रत्येक नमुन्याला एक इंटरप्ट असेल तर दोन इंटरप्टांमध्ये २५० मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात होस्टवर इंटरप्ट, वायर काढणं, गेस्टला हाक, गेस्टचं काम, 'झालं', वायर जोडणं, एवढा सगळा फेरा व्हायला हवा. कार्डावर फिफो, म्हणजे नमुने साठवायची छोटी टाकी, आहे का? मॅन्युअल असेल तर बघा.

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११.२०

काकांचा अंदाज बरोबर वाटतो. लिनक्सच्या इंटेल-आयडल तक्त्यात हॅसवेलला, म्हणजे तुमच्या चौथ्या पिढीला, सी६ या गाढ झोपेतून उठायला १३३ मायक्रोसेकंद धरले आहेत. २५० पैकी निम्म्याहून जास्त नुसते डोळे उघडण्यातच गेले. एक्सपीचा व्हीसीपीयू काम नसताना हॉल्ट करतो, खरा कोअर मोकळा होतो आणि गाढ झोपतो. तुम्ही फाइल कॉम्प्रेस केलीत तेव्हा बहुतेक शेड्यूलर कामं इकडेतिकडे हलवत राहिल्याने तो कोअर गाढ झोपला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. तुमच्या कार्डाची रजिस्टरं मेमरीत आहेत की आयओ पोर्टवर? एलएसपीसीआयमध्ये 'आय/ओ पोर्ट्स ॲट' लिहिलं असेल तर गेस्टने केलेलं प्रत्येक पोर्टचं वाचन केव्हीएममधून बाहेर पडून थेट क्यूईएमयूपर्यंत जातं, ते खरं पोर्ट वाचतं, मग परत आत. मेमरीवरच्या रजिस्टरांना हा फेरा नसतो, ती गेस्टला सरळ जोडून देता येतात. एका नमुन्याला एकदा स्टेटस आणि एकदा डेटा वाचला तर ४,००० इंटरप्टांबरोबर ८,००० असे लांबचे फेरे.

आत्ता करायचं ते असं: एक्सपीला एकच व्हीसीपीयू ठेवा आणि तो होस्टच्या एका कोअरला बांधा. तो कोअर आयसोल-सीपीयूने बाकीच्यांपासून वेगळा काढा. क्यूईएमयूचा इतर थ्रेड दुसऱ्या कोअरवर. आयआरक्यू १८ ची ॲफिनिटी व्हीसीपीयूच्या शेजारच्या कोअरवर लावा आणि आयआरक्यू-बॅलन्स बंद करा, नाहीतर तो परत हलवेल. इंटेल-आयडलचा कमाल सी-स्टेट (सीपीयूच्या झोपेची पातळी) १ करा. वीज थोडी जास्त जाईल. मग पर्फ या मोजणीच्या साधनाच्या केव्हीएम स्टॅटने एक मिनिट मोजा, कोणत्या कारणाने किती एक्झिट झाले ते कळेल.

पंपवाला_मकरपुरा · मंगळवार, रात्री १०.००

सगळं केलं. सी-स्टेट १ केल्याबरोबर फरक पडला, ओव्हररन तासाला एक-दोन इतके कमी झाले. पण शून्य नाहीत, आणि एका पंपाच्या तपासणीत मधे थांबलं तर पूर्ण आलेख परत काढावा लागतो. पर्फमध्ये सगळ्यात वर आयओ इन्स्ट्रक्शन, ताई म्हणाल्या तसंच. कार्ड आयओ पोर्टवरच आहे.

काका, मॅन्युअल सापडलं, वडिलांच्या कपाटात होतं. फिफो १,०२४ नमुन्यांचा आहे! आणि इंटरप्टची तीन ठिकाणं लिहिली आहेत: प्रत्येक नमुन्याला, फिफो अर्धा भरल्यावर, पूर्ण भरल्यावर. सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये 'इंटरप्ट सोर्स = ०' आहे. हे कुणी कधी बदललेलं नाही.

जुना_सर्किटवाला · मंगळवार, रात्री १०.१२

अर्ध्यावर ठेवा. पूर्ण भरल्यावर कधीच नाही, कारण भरलेल्या टाकीत पुढचा नमुना सांडतो. अर्ध्यावर ठेवलं की ५१२ नमुन्यांना एक इंटरप्ट. ४,००० भागिले ५१२, सेकंदाला आठही नाहीत. आणि वाजल्यानंतर उरलेला अर्धा भाग भरायला १२८ मिलीसेकंद मिळतात. कुठे २५० मायक्रोसेकंद आणि कुठे १२८ मिलीसेकंद.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री १०.३०

आणि ड्रायव्हर चांगला लिहिलेला असेल तर ५१२ नमुने एकेक करून न वाचता स्ट्रिंगच्या सूचनेने एकदम उपसतो. केव्हीएम अशा वाचनात एकाच एक्झिटमध्ये अनेक शब्द आणतं. पर्फमध्ये आयओचा आकडा किती उतरतो त्यावरून कळेल तो कसा लिहिलाय.

विद्यार्थी_एमएसयू · बुधवार, दुपारी २.२०

मधेच सांगतो: गेस्टमध्ये नवं लिनक्स टाकलं, ड्रायव्हरने एमएसआय स्वतःहून चालू केलं. एलएसपीसीआयमध्ये 'एनेबल अधिक', होस्टचा कीबोर्ड काल रात्रीपासून जिवंत. 'नोबडी केअर्ड' एकदाही नाही. नोआयएनटीएक्समास्क लावावंच लागलं नाही.

पंपवाला_मकरपुरा · गुरुवार, रात्री ९.५०

सेटिंग फाइलमध्ये सोर्स एक केला. काल संध्याकाळी कोरडं चालवून बघितलं, आज सकाळी नऊपासून सलग चार पंप चढवले. एकही ओव्हररन नाही. पर्फमध्ये आयओ इन्स्ट्रक्शनचा आकडा इतका खाली आलाय की आता वर हॉल्ट आहे, म्हणजे एक्सपी बहुतेक वेळ निवांत बसलेली असते. प्रोकच्या फाइलमध्ये १८ समोरचा आकडा मी घड्याळ लावून मोजला, दहा सेकंदांत ७८ वाढला. काकांच्या हिशोबाप्रमाणेच.

खात्रीसाठी जुना पीसी आणि नवी व्हीएम, दोन्हींवर तोच पंप चालवला आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. शटऑफच्या दाबापासून पूर्ण उघड्या व्हॉल्व्हपर्यंत रेघा जुळल्या.

एक गोष्ट मात्र मला बदलावी लागली. आकडे आता १२८ मिलीसेकंदांच्या गठ्ठ्याने स्क्रीनवर येतात, त्यामुळे दाबाचा काटा थोडा धक्क्याधक्क्याने हलतो. व्हॉल्व्ह आवळणारा आमचा माणूस त्या काट्याकडे बघून हात थांबवतो. आधी त्याला अडखळल्यासारखं झालं. त्याच्यासाठी बेडवर दाबाचा साधा डायल गेज परत बसवला, लाइनवर टॅपिंग आधीपासून होतंच.

काका, ताई, सूरसागर, सगळ्यांचे मनापासून आभार. काका, उत्तरायणाच्या आधी एकदा मकरपुऱ्यात या, पंप चढवून दाखवतो. शेव-उसळ माझ्याकडून.

सूरसागर७ · गुरुवार, रात्री १०.०५

दादा, सेटिंग फाइल, बूटची पूर्ण ओळ आणि एसएमबसचा पॅरामीटर एका कागदावर लिहून त्या मशीनच्या झाकणाच्या आतून चिकटवा.

ताई, मी अनसेफचा पॅरामीटर काढला. कार्ड आता त्या मशीनमधून व्हीएमला देता येत नाही, म्हणून रीमॅपिंग असलेला बोर्ड शोधतोय. रावपुऱ्यात दादांनी घेतलं तसलं मशीन अजून कुणाकडे असेल तर कळवा.

पंपवाला_मकरपुरा · गुरुवार, रात्री १०.२०

त्याच दुकानात तशीच आणखी दोन होती. शनिवारी मी तिकडे जाणार आहे, तुम्हीही या. झाकण उघडून पीसीआय स्लॉट आणि बायोसमधलं व्हीटी-डी, दोन्ही बघूनच पैसे द्या. चिकटवायचा कागद लिहायला घेतलाय.